जावयाच्या टोपलीचं अपहरण

त्या पुस्तकाला कव्हर नव्हतं. सुरुवातीची पानंही गेलेली. त्यामुळे कादंबरीचं नाव काय, लिहिणारा कोण, मराठीत आणणारा कोण, हे आमच्या गावात कुणालाच कधी कळलं नाही. पुस्तक सुरू व्हायचं तेच अर्ध्या वाक्यापासून, '...आणि विमानाचा दरवाजा उघडला.' नागऱ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत जुन्या पुस्तकांच्या ढिगातून माझ्या वडिलांनी ते उचललं आणि घरी आणून फळीवर टाकलं, ते टाकलंच. सगळी गल्ली त्याला 'पळवापळवीचं पुस्तक' म्हणायची.

मला त्या पुस्तकाचा राग होता. महायुद्धातली गोष्ट. शत्रूचे नऊ कमांडो पॅराशूटनं एका बेटावर उतरतात. तिथं एक म्हातारा सेनापती गुडघ्यांच्या इलाजासाठी गरम पाण्याच्या झऱ्यात बसून असतो. त्याला उचलायचं, पाणबुडीत घालायचं आणि न्यायचं, एवढंच त्यांचं काम. आणि लेखकानं काय केलं? शत्रूच्याच कप्तानाला हिरो केलं! थोडा लंगडणारा, अदबीनं बोलणारा, रस्त्यातल्या कुत्र्याला स्वतःच्या वाट्याचा पाव देणारा. ज्यांनी अर्धं जग पेटवलं, त्यांच्या चाकराला एवढा चांगुलपणा कशासाठी? मी तेव्हा नुकतीच नागपूरहून कॉलेज आणि दोन-तीन शिबिरं आटोपून गावी परतले होते. माझ्या पिशवीत पत्रकांचे गठ्ठे होते आणि प्रत्येक पत्रकात शत्रू कोण ते पहिल्याच ओळीत सांगितलेलं होतं. कादंबरीनंही तसंच करावं, असं माझं स्पष्ट मत होतं. आजही फारसं बदललेलं नाही.

आमचं गाव बिरसीच्या धावपट्टीच्या पलीकडे. पुरुष धानात आणि बाया धानात अन् बिडीत. दुपारी मोठ्या मायच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोच्या, छपरीत गल्लीतल्या बाया मांडीवर सूप घेऊन बसायच्या. सुपात कापलेली तेंदूपानं, जर्दा, दोऱ्याचं रीळ. हात आणि डोळे कामात, कान तेवढे मोकळे. मोबाइलवरची मालिका तिथं चालत नाही, कारण मालिका पाहावी लागते आणि पाहायला गेलं की बिडी वाकडी होते. म्हणून त्या छपरीत पूर्वीपासून वाचून दाखवायची रीत. ज्याला अक्षर येतं आणि काम नाही, त्यानं वाचायचं. मला अक्षर येत होतं आणि घरच्यांच्या मते काम नव्हतं.

मी पहिल्या दिवशी बिडी कामगारांच्या हक्कांचं पत्रक काढलं. तंबाखूविरोधी पत्रकंही त्याच पिशवीत होती, ती मात्र तळाशीच राहू दिली. एवढी अक्कल होती. घसा साफ करून मी सुरू केलं, 'शोषणाच्या या निर्दय यंत्रणेविरुद्ध...'

"थांब वो पोरी," मोठी माय म्हणाली. "शोषण म्हंजे तेच का, आपला मुंशी जावाई करते ते?"

"हो."

"मंग तसं सांग ना. एवढी लंबी चिठ्ठी कायले छापली?"

गल्लीच्या टोकावर राहणारी काकू, जिच्या तोंडाला अख्खं गाव टरकून असतं, सुपातून मान वर न करता म्हणाली, "ते ठेव तिकडं. तुया बापानं पळवापळवीचं पुस्तक आनलं म्हंते, ते काढ."

शेवटी सौदा झाला. एक पान पत्रकाचं, मग एक प्रकरण कादंबरीचं. पत्रकाच्या वेळी बाया एकमेकींना दोरा मागायच्या, पाणी मागायच्या, सुनांची चौकशी करायच्या. कादंबरीच्या वेळी नुसता कात्रीचा आवाज.

नुसता असं तरी कसं म्हणू? दर दोन ओळींनंतर मला थांबवायच्या.

"नऊ जन उतरले अन् गावात एक कुत्रं भुकलं नाई?" काकू.

"कुत्र्याले पाव देल्ला ना कप्तानानं," मोठी माय.

"अन् बायांले काय देल्लं?" काकूनं बिडीचं तोंड अंगठ्यानं दाबलं. "आपल्या शाळेत नवा मास्तर आला, तं त्याचा चहा थंडा व्हायच्या आत मले त्याची सासुरवाडी ठाऊक झाली. अन् हे नऊ दांडगे पोट्टे बँडवाले बनून आले, तं कोनीच इचारलं नाई, बापा, कोनाच्या लग्नाले आले म्हून?"

बँडवाल्यांच्या वेशात येणं ही कप्तानाची योजना होती. सेनापतीला मोठ्या ढोलात कोंबून न्यायचं. त्यावर छपरीत दोन दिवस वाद चालला. ढोलात माणूस घातला तर ढोल वाजेल कसा, आणि वाजला नाही तर लोकांना शंका कशी येणार नाही? मोठ्या मायचं म्हणणं, सेनापतीला आतून वाजवायला सांगावं.

मधूनच बिरसीच्या वैमानिक शाळेचं छोटं विमान गावावर घिरट्या घालायचं. कुणीतरी म्हणायचंच, "उतरून रायले वो, दार लाव." आणि काकू म्हणायची, "ते शिकाऊ पोट्टे. त्यांईलेच नीट उतरता येत नाई, कमांडो कुठचे उतरवते!"

मी वैतागायचे. कारण माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट होती आणि ती गोष्ट मोठ्या मायची होती.

बायांनी वळलेला माल शाखेत द्यायचा. शाखा म्हणजे गावातलंच एक घर, पुढं पडवी, मागं बिड्या शेकायची भट्टी. मालक शहरात, शाखेत त्याचा मुंशी. आमच्याकडे बिड्या सुट्याच नेतात. मुंशी एकेक पाहतो, पसंत पडली तर एका टोपलीत, नाही तर दुसऱ्या. दुसरी टोपली छाटाची, म्हणजे नापास मालाची. छाटाची मजुरी मिळत नाही, म्हणजे ती मेहनत फुकट. आणि छाट झालेली बिडी बाईला परतही मिळत नाही. मग ती जाते कुठं? सगळ्यांना ठाऊक होतं. ती शेकली जाते, बांधली जाते आणि विकली जाते. आमच्या पत्रकात यावर एक अख्खा परिच्छेद होता, चार उद्गारचिन्हांचा. मागणी साधी होती: छाट काढता ना, मग ती आमच्यासमोर मोडा. मोडली की कळेल, खरंच वाईट होती म्हणून काढली की फुकटात हवी होती म्हणून.

मोठ्या मायच्या वाट्याला छाट सगळ्यात जास्त यायची. तिची नजर उतरत चालली होती हे खरं. पण हात तेच होते. त्या पावसाळ्यात मुंशीनं तिला सांगितलं, असाच माल राहिला तर दिवाळीनंतर तुम्हाला पानं-जर्दा देणार नाही. पानं बंद म्हणजे काम बंद. मोठी माय घरी आली. सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "वाच. कप्तानाचं काय झालं?"

मी त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. मी मोर्च्याची योजना मांडली. शाखेसमोर सगळ्या बायांनी बसायचं. मी घोषणा देणार, बाया साथ देणार. "मुंशीशाही..."

"मुर्दाबाद?" काकूनं विचारलं.

"हो!"

छपरीत कात्र्या थांबल्या. मोठी माय माझ्याकडे असं पाहू लागली, जणू मी तिच्या देवघरात चपला घालून गेले.

"जावायाले मुर्दाबाद म्हनू?"

इथं सगळं घोडं अडलं होतं. मुंशी आमच्या गावचा जावई. आमच्याच गल्लीतली लेक त्याला दिलेली, दोघं शाखेच्या घरातच राहायची. आणि गावच्या जावयाला उलट बोलायचं नाही, हा आमच्याकडे कायदा. त्याला पाट द्यायचा, पाणी द्यायचं, तो बिड्या फेकून देत असेल तर मान खाली घालून फेकू द्यायच्या. मी भडकले. जावई असला म्हणून काय लुटायचा परवाना मिळाला? वर्गशत्रू सासुरवाडीला आला की वर्गशत्रू राहत नाही का?

"पोरीचं खरं आहे," काकू म्हणाली. मी आशेनं पाहिलं. "पन तिले अक्कल नाई." मग ती मोठ्या मायकडे वळली. "ते कमांडो कोनाच्या कपड्यात आले? बँडवाल्याच्या. काऊन? बँडवाल्याले कोनी अडवत नाई. आता मले सांग, जावायाच्या घरात कोनाले कोनी अडवत नाई?"

मोठ्या मायच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "साळ्याईले."

जावयाला बोलायचं नाही, पण साळ्यांनी, म्हणजे मेहुण्यांनी, आणि वहिन्यांनी त्याची थट्टा करायची, ही त्याच कायद्याची दुसरी बाजू. लग्नात जोडे लपवतात तसं पुढंही जन्मभर चालतं. साळीनं वस्तू पळवली तर जावयानं रागवायचं नाही. रागावला तर तोच हलका ठरतो. वस्तू परत हवी असेल तर साळीचं मागणं पुरं करायचं. आणि छपरीतल्या निम्म्या बाया नात्यानं त्याच्या साळ्या, उरलेल्या वहिन्या.

"छाटाची टोपली पळवाची," काकूनं जाहीर केलं. "पारावर नेऊन ठेवाची. साऱ्या गावाले दाखवाची. मोडतो म्हनल्याबिगर द्यायची नाई."

"हा लढा आहे," मी म्हणाले, "लग्न नाही!"

"तुया लढ्यात हासाले बंदी आहे का वो?"

मी पिशवीतली सगळी पत्रकं चाळून पाहिली.

मग दोन दिवस छपरीत जी मसलत चालली, ती त्या नऊ कमांडोंनी ऐकली असती तर त्यांनी नोकरी सोडली असती. मुंशी पडवीत बसतो, त्याच्या डाव्या हाताला छाटाची टोपली, उजव्या हाताला पास मालाची. त्याला जागेवरून उठवायचं काम काकूचं. तो कशानं उठेल? आग लागली तरी पावत्या आवरून उठणारा माणूस. पण त्याचा एक भाचा होता, नोकरीवाला, आणि त्याला पोरगी मिळत नव्हती. काकूच्या माहेरी पोरगी होती. पुरे झालं. टोपली उचलायचा मान मोठ्या मायनं स्वतःकडे घेतला. "माह्याच बिड्या जास्त आहेत तीत," म्हणाली. मला वगळायचं ठरलं होतं, कारण माझ्या तोंडावरूनच सगळं समजेल. मी भांडले. पुस्तकातल्या बँडमध्ये एक कमांडो असतो, ज्याला काहीच वाजवता येत नाही. त्याच्या हाती झांजा देतात आणि वाजवू नकोस म्हणतात. मला तसंच आईचं सूप डोक्यावर देऊन रांगेत उभं केलं.

दिवसाढवळ्या, बाजाराच्या दिवशी. काकू पडवीच्या पायरीवरून म्हणाली, "जावाईबापू, भाच्याचं जमलं का कुठं?"

मुंशीनं मान वर केली. "काऊन?"

"नाई, जमलं असन तं जाऊ द्या."

तो उठलाच. पायरी उतरून कडुनिंबाखाली गेला. तिथून पोरीचं शिक्षण, उंची, रंग, मामाचं गाव अशी चौकशी सुरू झाली. मोठ्या मायनं शांतपणे टोपलीवर पदरासारखं फडकं टाकलं, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. मागून आम्ही सगळ्या, एका रांगेत, आपापली सुपं डोक्यावर. सगळ्या सारख्याच दिसत होतो. रांगेत चालताना मला मनापासून त्या कप्तानाबद्दल... नको. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मारोतीच्या पारावर म्हातारी मंडळी बसलेलीच असतात. टोपली मध्ये ठेवली. काकू मागून येऊन मिळाली. थोड्याच वेळात जावई आला, चेहऱ्यावर बळंच हसू.

"द्या ना वहिनी. काम पडलं आहे."

"मागनं पुरं करा, घेऊन जा," काकू म्हणाली. "छाट आमच्या डोऱ्यासमोर मोडाची. अन् मोठीची पानं बंद कराची नाई."

"अवो, पन छाट ते छाटच ना! खराब माल आहे म्हून काढला."

पारावरच्या एका आजोबानं तेवढ्यात टोपलीतली एक बिडी शिलगावली होती. "ओढते तं बरी," धूर सोडत ते म्हणाले.

हे मात्र मुंशीला लागलं. जावई गेला आणि मुंशी परत आला. त्यानं फडकं बाजूला सारलं आणि एकेक बिडी उचलून दाखवू लागला. "हे पाहा. ढिली. ही तोंडाशी फाटली. इच्यात जर्दाच नाई. ही? हे बिडी आहे का दातकोरनं आहे? हे तं मोठ्या वहिनीचीच, मी डोरे मिटून सांगतो." आजोबानं हातातली बिडी विझवली. मला वाटलं, संपलं. आता गावासमोर सिद्ध झालं की मोठ्या मायचा माल खराब आहे. पिशवीतलं पत्रक काढून वाचावं काय, असा विचार मी करतच होते.

इतक्यात शाखेच्या वाटेनं त्याची बायको आली, आमच्या गल्लीची लेक. कमरेवर दुसरी टोपली.

"अवो, भट्टी कवाची पेटली," ती नवऱ्याला म्हणाली. "पास माल कुठं ठेवला तुम्ही? या टोपलीत तं छाटच आहे."

कुणालाच क्षणभर काही समजलं नाही. मग सगळ्यांनाच एकदम समजलं. योजना सांगताना काकू मुंशीच्या 'डाव्या हाताची' टोपली म्हणाली होती. मोठी माय पडवीत गेली ती समोरून. मुंशीची डावी बाजू तिची उजवी झाली, तिनं स्वतःच्या डाव्या हाताची उचलली आणि नजरेनं साथ दिली नाही. आमच्या कमांडोंनी चुकीचा सेनापती उचलून आणला होता! आणि मुंशी अर्धं गाव साक्षीला ठेवून स्वतःच पास केलेल्या मालाला नावं ठेवत बसला होता.

त्यानं सावरायचा प्रयत्न केला. खरं तर नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "म्हंजे मोठ्या वहिनी, तुम्हाले एवढी मोठी टोपली ओरखता आली नाई! मंग मी सांगत होतो ते का खोटं होतं? डोरे गेले तुमचे."

तो बरोबर बोलला होता. चूक नजरेचीच होती आणि तिच्याच कामावर ती शेकणार होती. मी मोठ्या मायकडे पाहिलं. ती टोपलीजवळ उकिडवी बसली होती. उठली नाही.

"गेले ना," ती म्हणाली. "मी कुठं नाई म्हंते? माह्ये डोरे गेले, म्हून मी टोपली चुकली. तुमचे तं शाबूत आहेत, जावाईबापू. तुम्ही काऊन चुकले?"

पहिली हसली ती त्याची बायको. कमरेवरची टोपली खाली ठेवून, तोंडाला पदर लावून हसली. मग पार हसला. मुंशी पाराच्या कडेवर बसला आणि स्वतःही हसला. हसला नसता तर हलका झाला असता, हे त्यालाही ठाऊक होतं.

"बरं," तो म्हणाला. "मोडतो समोर. पानंबी देतो." मग आवाज उतरवून, फक्त जवळच्यांना ऐकू जाईल असं, "वरून इचारतात वहिनी, छाट कमी काऊन निघाली म्हून."

मी पुढं झाले. ओळखपत्रं, दवाखाना, मालकानं स्वतः येऊन चर्चा, अशी माझी यादी तयार होती. काकूनं माझा हात धरला. "राहू दे. एका टोपलीत एवढंच मावते."

ते मला पटलं नाही. आजही पटत नाही. मालक शहरात बसलेला आहे, त्याला ना साळ्या ना पार, आणि त्याच्यासाठी मोर्चाच लागणार. त्या दिवशी मी मुंशीला एक पत्रक दिलं. त्यानं ते घडी करून खिशात ठेवलं. वर मालकाला दाखवायला त्याला ते माझ्यापेक्षा जास्त उपयोगाचं होतं, असं मला वाटतं.

कादंबरी आम्ही दिवाळीच्या आधी संपवली. कप्तान कशानं पकडला जातो? बेटावरची एक म्हातारी धोबीण बँडवाल्यांना थांबवून विचारते, लग्न कुणाकडे आहे, आणि नवरीचं आवडतं गाणं वाजवून दाखवा म्हणते. काकूनं कात्री सुपात आपटली. "मी पयल्याच दिवशी म्हनलं होतं!" कप्तानाला पकडतात तेव्हा मोठ्या मायनं नाक पुसलं. मी तिला आठवण करून दिली की तो शत्रू आहे. "आहे ना," ती म्हणाली, "पन लंगडत होता बिचारा."

दिवाळीनंतरच्या पहिल्या खेपेला मी मोठ्या मायसोबत शाखेत गेले. मुंशीनं तिचा माल पाहिला. मूठभर बिड्या बाजूला काढल्या आणि तिच्यासमोर धरून एकेक मोडू लागला. पहिलीच मोडताना तिनं त्याचा हात थांबवला, ती बिडी घेतली, डोळ्यांजवळ नेली, दूर नेली, मग माझ्या हाती दिली.

"पाह्य वो. खरंच वाकडी आहे का?"

मी पाहिली. मला खूप वाटत होतं की ती सरळ असावी.

"वाकडी आहे," मी म्हणाले.

"मंग मोडा, जावाईबापू," मोठी माय म्हणाली आणि पुढच्या आठवड्याच्या पानांसाठी पदर पसरला.